जिजींचं हिरवं सॅलड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी लेक मिनेसोटात असते. जावई तिथलाच. त्याच्या आजीला, म्हणजे माझ्या विहीणबाईंच्या सासूबाईंना, घरातली पतवंडं ‘जीजी’ म्हणतात. इंग्रजीत ते ‘ग्रेट ग्रँडमा’चं लघुरूप. आमच्या माहेरच्या वाड्यात थोरल्या काकूंना जिजी म्हणत, त्यामुळे माझ्या तोंडी ते नाव पहिल्याच दिवशी बसलं. या जिजींच्या हिरव्यागार, डुगडुगणाऱ्या सॅलडचा फोटो मी कुणाला पाठवला की पुढचे आठ दिवस प्रश्न येत राहतात. प्रत्येकीला वेगवेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे.

हे नक्की आहे काय?

लिंबाच्या स्वादाची हिरवी जेली, तिच्यात डब्यातला अननस, डब्यातलं पेअर, कॉटेज चीज आणि अक्रोडाचे तुकडे. थंडगार, चौकोनी वड्या कापून वाढतात, जुन्या पद्धतीने खाली लेट्यूसचं पान ठेवून. चमच्याने टोचलं की थरथरतं. आपल्याकडचं सगळ्यात जवळचं नातं सांगायचं तर खरवस. चव वेगळी, पण वडी जिभेवर टेकल्यावर जे होतं ते तसंच.

गोड आहे, तर मग सॅलड कसं?

हा प्रश्न मीही विचारला होता. जिजींचं उत्तर: “कारण ते जेवणाबरोबर वाढतात.” म्हणजे आपल्याकडे श्रीखंड पुरीबरोबर पानातच येतं, शेवटपर्यंत थांबत नाही, तसं. त्या भागात बटाटे आणि मांसाच्या पदार्थाशेजारी ही हिरवी वडी ताटात बसते, आणि नंतर गोड म्हणून केक वेगळा असतोच.

नावामागे इतिहासही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गृहशास्त्राचे वर्ग जोरात होते. त्या शिक्षिकांना पानांचा विस्कटलेला ढीग आवडायचा नाही. सॅलड कसं नीटस, आवरलेलं, साच्यातून काढलेलं हवं! १९०५च्या सुमारास पेन्सिल्व्हेनियातल्या न्यू कॅसल गावच्या मिसेस जॉन कुक यांनी कोबी, सेलरी आणि लाल ढोबळी मिरची व्हिनेगर घातलेल्या जिलेटिनमध्ये गोठवून ‘परफेक्शन सॅलड’ केलं. एका जिलेटिन कंपनीच्या स्पर्धेत त्यांना तिसरा नंबर आणि शिवणयंत्र मिळालं. तिथून पुढे जे काही जेलीत गोठेल ते सॅलड, असं ठरूनच गेलं. आपण नाही का, दाण्याचं कूट आणि दही दिसलं की कोशिंबीर म्हणून मोकळे होतो.

साहित्य आणि कृती सांगा ना नीट.

मोठ्या काचेच्या चौकोनी भांड्याला, साधारण बारा ते पंधरा वड्यांना पुरेल इतकं:

लाइम जेल-ओचा, म्हणजे तिथल्या तयार जेली पावडरीचा, मोठा डबा (१७० ग्रॅम), दोन कप उकळतं पाणी, बारीक केलेल्या अननसाचा एक डबा (साधारण ५६० ग्रॅमचा), पेअरचा एक डबा (४२५ ग्रॅम), एक कप कॉटेज चीज, अर्धा कप अक्रोडाचा चुरा. कप म्हणजे अमेरिकन कप, सुमारे २४० मिली. आपला चहाचा कप नव्हे.

पावडर मोठ्या पातेल्यात घ्यायची, उकळतं पाणी ओतायचं आणि पूर्ण दोन मिनिटं ढवळायचं. इथे सगळ्याजणी घाई करतात. कण विरघळल्यासारखे दिसतात पण तळाशी असतात, आणि मग खालचा थर रबरासारखा होतो. अननस गाळणीत दाबून निथळायचा, त्याचा रस मापाच्या कपात घ्यायचा आणि वर गार पाणी घालून दीड कप करायचा आणि पातेल्यात ओतायचा. जेल-ओच्या डब्यावर दोन कप लिहिलेलं असतं, पण फळं आणि चीज स्वतःचं पाणी सोडतात, म्हणून अर्धा कप कमी. हे जिजींचं.

आता फ्रीजमध्ये ठेवायचं आणि विसरायचं नाही. तासाभराने, कधी दीड तासाने, मिश्रण कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखं होतं. घरात अंडं न आणणाऱ्यांसाठी: गार होत आलेल्या साबुदाण्याच्या पेजेसारखं. चमचा फिरवला की त्याचा माग क्षणभर राहतो आणि मिटतो. सगळं सॅलड या दहा मिनिटांवर अवलंबून आहे. याच वेळी अननस, चिरलेलं पेअर, कॉटेज चीज आणि अक्रोड हलक्या हाताने मिसळायचे, भांड्यात ओतायचं आणि निदान चार तास ठेवायचं. जिजी रात्रीच करून ठेवतात.

माझी फळं सगळी वर तरंगली. / माझी सगळी तळाला बसली.

दोन्हीचं कारण एकच, तुम्ही फार लवकर घातलीत. पातळ जेलीत प्रत्येक फळ आपल्या वजनाप्रमाणे जागा धरतं. सफरचंद, केळं हलकी, ती वर येतात. पाकातली डब्यातली फळं जड, ती खाली जातात. वर सांगितलेल्या पेजेच्या टप्प्यावर घातलीत तर जिथे ठेवाल तिथे राहतील. फार उशीर झाला आणि जेली घट्टच झाली असेल तर पातेलं गरम पाण्यात धरून जरा सैल करा आणि परत वाट बघा. फेकून देऊ नका.

डब्यातलं फळ कशाला? ताजा अननस घातला तर?

घातला होता. दुसऱ्या उन्हाळ्यात मी तिथे गेले तेव्हा चर्चच्या जेवणासाठी सॅलड करायचं काम हौसेने अंगावर घेतलं. आपल्याला डब्यातलं फळ म्हणजे शिळंच वाटतं, त्यात दुकानात पिवळाधमक अननस दिसला. सोलला, बारीक चिरला, मिसळला, रात्री फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी बघते तर हिरवं सरबत, वर अननसाच्या फोडी. जिजींनी वरचा कागद उचलला, आत पाहिलं, परत झाकलं आणि ड्रॉवरमधून पळी काढून पिशवीत टाकली. चर्चच्या तळघरात त्यांनी ते वाट्यांमधून वाढलं आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला “आज सूप आहे” एवढंच सांगितलं. कुणाच्या हातचं, ते सांगितलं नाही.

कारण आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून माहीत असलेलं आहे. मटण मऊ व्हावं म्हणून कच्ची पपई लावतात ना? पपईतलं पपेन मांसातली प्रथिनं तोडतं. जिलेटिन म्हणजेही प्रथिनच. ताज्या अननसातलं ब्रोमेलेन त्याचे धागे तोडत बसतं आणि जेली धरायला काही उरत नाही. जास्त अननस खाल्ला की जीभ चुरचुरते त्यातही याच ब्रोमेलेनचा हात असतो. डब्यात भरताना फळ तापवलेलं असतं, उष्णतेने हा गुण मरतो, म्हणून डब्यातलं चालतं. ताजंच हवं असेल तर फोडी पाच-सात मिनिटं उकळून, गार करून घाला.

हाच नियम ताज्या पपईला, किवीला, अंजिराला, पेरूला आणि आल्यालाही. केळं, सफरचंद, द्राक्षं, संत्रं बिनधास्त.

आणि हापूस?

मी घालत नाही. त्याला रसायनशास्त्राचं कारण नाही. हापूस जेलीत बुडवायला माझा हात धजत नाही, इतकंच.

शाकाहारी आहे का?

नाही. स्पष्ट सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही डबा उलटून वाचला नव्हता. जिलेटिन जनावरांच्या कातडी आणि हाडांतल्या कोलॅजनपासून काढतात. अमेरिकेत बहुतेक वेळा डुकराच्या कातडीपासून, नाहीतर गोवंशाच्या कातडीपासून आणि हाडांपासून. पहिल्या वर्षी मी ते चार वेळा खाल्लं, दोनदा मागून घेतलं. हळदीचं दूध पिताना लेक सहज म्हणाली, “आई, तुला माहितीये ना त्यात काय असतं?” रात्रभर झोप लागली नाही. मग स्वतःला समजावलं की नकळत झालं, आणि दुसऱ्या दिवशी जिजींना सांगितलं की यापुढे मला नको.

मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. त्यांनी फक्त विचारलं, “दूध चालतं? अक्रोड?” त्या दिवसापासून मोठ्या भांड्याशेजारी एक छोटी काचेची वाटी असते: तोच अननस, तेच पेअर, तेच चीज, वर अक्रोड. जेली सोडून सगळं.

तुम्ही पाहुण्यांना वाढणार असाल तर आधी सांगाच. कोशर किंवा हलाल जिलेटिनही मिळतं, पण तेही प्राणिजच असतं. शाकाहारी नव्हे.

मग चायना ग्रास वापरून करता येईल?

येतं, मी तेच करते. चायना ग्रास म्हणजे अगर-अगर, समुद्रातल्या लाल शेवाळापासून काढलेलं. पण ते जिलेटिनच्या जागी जसंच्या तसं टाकून चालत नाही.

जिलेटिन गरम पाण्यात विरघळतं. चायना ग्रास आधी भिजवावं लागतं आणि मग खळखळ उकळावं लागतं, एकही धागा दिसेनासा होईपर्यंत. माझं माप एकूण एक लिटर द्रवाला १० ग्रॅम काड्या. काड्या अर्ध्या लिटर पाण्यात अर्धा तास भिजवून उकळायच्या, त्यातच साखर घालायची. लिंबाचा रस मात्र गॅस बंद केल्यावर. आंबट घालून उकळलं तर पकड कमी होते.

दुसरी गोष्ट मी फजिती होऊन शिकले. जिलेटिनला घट्ट व्हायला फ्रीज लागतो, अगर-अगर साधारण ३५ ते ४० अंशांवरच धरतं, म्हणजे ओट्यावरच. पहिल्यांदा मी सवयीने त्यात फ्रीजमधला गार अननसाचा रस ओतला. डोळ्यांदेखत शेवया! फालुद्यात घालण्यासारख्या. रस कोमट करून घाला, आणि फळंही बाहेर काढून ठेवलेली असू द्या. पेजेचा टप्पा इथे दहा मिनिटांचा नसतो, एखाद-दोन मिनिटांचा असतो. चमचा हातातच ठेवा.

फायदे दोन. एक, ताजा अननस चालतो, कारण अगर हे प्रथिन नाही, ब्रोमेलेन त्याचं काही वाकडं करू शकत नाही. दोन, एकदा धरलं की ते जवळजवळ ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. पुण्यात मे महिन्यात जिलेटिनची जेली टेबलावर पंधरा मिनिटांत घाम फोडते आणि अर्ध्या तासात मान टाकते. चायना ग्रासची वडी ढिम्म.

ढिम्म हीच तिची तक्रारही. मी पहिल्यांदा केलं तेव्हा जिजींनी काट्याने टोचून बघितलं, भांडं हलवलं आणि म्हणाल्या, “चव छान आहे. पण हलत नाहीये ही.” खरं आहे. जिलेटिन अंगाच्या उष्णतेने तोंडात वितळतं, अगर दाताखाली तुटतं. काड्या १० ऐवजी ७-८ ग्रॅम घेतल्या तर जरा लवचीक होतं, पण मग कापताना जपावं लागतं.

जाता जाता, हा फरक प्रयोगशाळेतही एका बाईनेच दाखवून दिला. १८८१ मध्ये जर्मनीत वॉल्टर हेसे जिलेटिनवर जंतू वाढवायचा प्रयत्न करत होते. उन्हाळ्यात ते वितळायचं, आणि काही जंतू ते खाऊनच टाकायचे. त्यांची पत्नी फॅनी, जन्माने न्यूयॉर्कची, घरी जेली करायला अगर वापरत असे. जावामध्ये राहून आलेल्या डच शेजाऱ्यांकडून ती युक्ती त्यांच्या घरात आली होती. तिने नवऱ्याला ते सुचवलं, त्यांनी जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखना कळवलं. आजही पॅथॉलॉजी लॅबमधल्या काचेच्या बशीत अगरच असतं.

भारतातली जेली क्रिस्टलची पाकिटं चालतील?

पाकिटावर हिरवा ठिपका आहे ना बघा. असेल तर आत जिलेटिन नाही, बहुधा समुद्री शेवाळातलंच कॅराजीनन असतं. पाकिटावरच्या पाण्यापेक्षा पाव कप कमी घ्या. ही जेलीसुद्धा लवकर धरते, फळं चिरून तयार ठेवूनच पाणी उकळायला ठेवा.

कॉटेज चीज म्हणजे पनीरच ना?

पनीरच्या पाकिटावर इंग्रजीत तेच लिहिलेलं असतं, म्हणून घोळ होतो. तिथलं कॉटेज चीज ओलसर, सुटं, दाणेदार असतं, जरा खारट, सायीत भिजलेलं. पनीरचे चौकोन घालू नका, जेलीत खोडरबर सापडल्यासारखं वाटतं. घरी दूध फाडून, पिळून न काढता नुसतं निथळून घ्या. त्यात दोन चमचे साय आणि चिमूटभर मीठ घाला. जमतं.

उपवासाला चालेल?

जिलेटिनचं अर्थातच नाही. चायना ग्रासचं तुमच्या घरी जे ठरेल ते. आमच्याकडे एकादशीला चालवून घेतात, शेजारी चालवत नाहीत. फळं, दूध, साखर आणि शेवाळ. वाद शेवाळावर आहे.

जेल-ओ आलं कुठून?

त्याआधी जेली म्हणजे वासराचे पाय तासन्‌तास उकळून, गाळून, मळी काढून केलेला श्रीमंतांचा पदार्थ. १८४५ मध्ये पीटर कूपर यांनी जिलेटिनच्या गोड पावडरीचं पेटंट घेतलं, पण त्यांनी पुढे विशेष काही केलं नाही. १८९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लरॉय गावी पर्ल वेट नावाच्या माणसाने, जो सुतारकाम करायचा आणि खोकल्याचं औषधही विकायचा, तिच्यात फळांचे स्वाद मिसळले. नाव त्याच्या बायकोने, मे हिने ठेवलं. विक्री काही जमेना. १८९९ मध्ये त्याने सगळे हक्क गावातल्याच ऑरेटर वुडवर्डला ४५० डॉलरला देऊन टाकले. वुडवर्डने जाहिराती आणि फुकटच्या पाककृतींच्या पुस्तिका घरोघरी वाटल्या, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. बिचारा वेट!

हिरवा, लाइमचा स्वाद १९३० मध्ये आला. तेव्हाच्या सुमारास घरात फ्रीज येऊ लागले होते. साच्यातली थरथरती जेली टेबलावर मांडणं म्हणजे आमच्याकडे फ्रीज आहे हे न बोलता सांगणं. आपल्याकडे सत्तरच्या दशकात पाहुण्यांना बर्फ घातलेलं सरबत द्यायचे, तसंच.

युटा राज्यात तर इतकं खपतं की २००१ मध्ये तिथल्या सिनेटने जेल-ओला राज्याचा अधिकृत खाऊ ठरवलं.

त्यात भाज्या, मासे घालतात म्हणे?

घालायचे. किसलेलं गाजर आणि अननसाचं ‘सनशाइन सॅलड’ अजून करतात, आणि ते खरोखर छान लागतं. १९६०च्या दशकात सेलरी आणि टोमॅटोच्या स्वादाचं जेल-ओसुद्धा निघालं होतं, टिकलं नाही. ट्यूना घातलेल्याचे फोटो मी जुन्या पुस्तिकांत पाहिले आहेत. त्याविषयी मी आणि जिजी दोघीही बोलत नाही.

गोड किती?

बरंच. पावडरमध्ये बहुतांश साखरच असते. मधुमेहाच्या मंडळींसाठी बिनसाखरेचं लाइमचं पाकीट मिळतं. फळं पाकातली न घेता स्वतःच्या रसातली घ्या.

साच्यातून काढताना तुटतं.

साचा कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद धरा, जास्त नको. ताट ओलं करून साच्यावर पालथं घाला आणि मग उलटा. ताट ओलं असलं की मधोमध सरकवता येतं. जिजींकडे टपरवेअरचा एक गोल साचा आहे, तो त्या नाताळातच काढतात. एरवी काच आणि सुरी.

किती दिवस टिकतं? फ्रीझरमध्ये ठेवलं तर?

तीन दिवस, झाकून. फ्रीझरमध्ये अजिबात नको. परत वितळताना जाळी फुटते आणि पाणी सुटतं.

भांडं कुठलं घ्यायचं?

जिजी ९ बाय १३ इंचाचं काचेचं भांडं घेतात. त्याच्या बुडाला पांढऱ्या टेपची पट्टी आणि तीवर त्यांचं आडनाव. चर्चमध्ये कुणाचं लग्न असो की कुणी गेलेलं असो, तळघरात अशी वीस भांडी येतात, धुऊन एका टेबलावर उलटी मांडतात आणि प्रत्येकीने आपापलं नाव बघून न्यायचं. टेप पिवळा पडला की वरून नवा लावतात.

मी तिथे गेल्यावर स्टीलचं पसरट पातेलं वापरते, माझ्या आईचं. स्टीलमध्ये काचेपेक्षा लवकर गार होतं. जिजींनी ते धुताना उलटं केलं आणि बुडावरची टिंब-टिंब अक्षरं बोटाने चाचपत विचारलं की हे काय. मी सांगितलं, आईचं नाव आणि तारीख, भांड्यांच्या दुकानात मशीनने घालून देतात. “म्हणजे निघत नाही कधी?” त्यांनी विचारलं. म्हटलं, नाही. बराच वेळ त्या ते पातेलं हातात धरून होत्या.

पुण्याला परतल्यावर बॅग उघडली तेव्हा पातेल्याच्या बुडाला, आईच्या नावाच्या खाली, पांढरा टेप होता. त्यावर माझं नाव, इंग्रजीत, स्पेलिंग चुकलेलं.